तीन विषय राहिले आहेत : अपयशातून शिकण्यासाठी नेमके काय तपासावे?

पूर्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या पहिल्या वर्षाला होतो. दुसऱ्या सत्राचा निकाल नुकताच लागला असून माझे तीन विषय राहिले आहेत : पहिल्या सत्रातील गणित म्हणजे एम-वन, दुसऱ्या सत्रातील एम-टू आणि इंजिनिअरिंग मेकॅनिक्स. यांपैकी एम-वनची केटी, म्हणजे राहिलेल्या विषयाची परीक्षा, मी याच वेळी पुन्हा दिली होती आणि तीही निघाली नाही. हे मला सर्वांत जास्त खुपते, कारण पहिल्या वेळी अभ्यास कमी पडला असे मी म्हणू शकतो, पण दुसऱ्या वेळी मी जीव तोडून अभ्यास केला होता.

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण हिंगोली जिल्ह्यातील आमच्या गावी मराठी माध्यमातून झाले. अकरावी-बारावी लातूरला केली आणि सीईटीला गणितात चांगले गुण मिळाले, त्यामुळे 'याचे गणितच कच्चे आहे' एवढे म्हणून विषय संपत नाही. एम-वनसाठी मी वर्गातील संपूर्ण वही पुन्हा लिहून काढली, पुस्तकातील सोडवलेली उदाहरणे वाचली, यूट्यूबवरील व्याख्याने पाहिली. पाहताना प्रत्येक पायरी कळत होती. परीक्षेत मात्र दोन-चार ओळी लिहिल्यावर पुढे काय करायचे ते सुचत नव्हते.

'अपयशातून शिकावे' असे मला सर्वांनी सांगितले. माझा प्रश्न असा आहे की हे शिकायचे कसे? निकालपत्रावर फक्त गुण आणि 'नापास' असा शेरा आहे, त्यातून मी काय शिकू? पुन्हा तीच वही, तीच व्याख्याने आणि तितकेच तास दिले, तर पुढच्या वेळी निकाल वेगळा लागण्याचे काही कारण मला दिसत नाही. दुसरे असे की, नियमानुसार दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला तरी घ्यावा, की वर्षभर थांबून हे विषय आधी काढावेत? आणि घरी मी अजून काहीही सांगितलेले नाही. वडील शेती करतात, वसतिगृहाचा खर्च त्यांनी कसा उभा केला आहे ते मला माहीत आहे. कृपया अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावे.

फळा

मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवून निवृत्त झालो आहे आणि अनेक वर्षे कॅप सेंटरवर, म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला सविस्तर द्यावेसे वाटते.

तुम्ही म्हणता ते बरोबर आहे : निकालपत्रावरच्या आकड्यातून काहीही शिकता येत नाही. शिकण्यासारखे जे आहे ते उत्तरपत्रिकेत आहे, आणि ती तुम्ही पाहिलेली नाही. म्हणून पहिले काम हे की तिन्ही विषयांच्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रतींसाठी विद्यापीठाकडे अर्ज करा. निकालानंतर या अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते, तेव्हा उद्याच महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात चौकशी करा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा परीक्षार्थीचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसईसंबंधीच्या एका खटल्यात माहिती अधिकार कायद्याच्या आधारे स्पष्ट केले आहे. आपली मुले छायाप्रत मागवतात ती केवळ पुनर्मूल्यांकनासाठी, म्हणजे दोन-चार गुण कुठे वाढतील का हे शोधण्यासाठी, आणि वाढणार नाहीत असे दिसले की ती प्रत बाजूला पडते. खरे तर अभ्यासासाठी इतके उपयोगी कागद त्यांच्याजवळ दुसरे कोणतेही नसतात.

प्रत हातात आली की लगेच ती वाचू नका. आधी तीच प्रश्नपत्रिका घेऊन, वही-पुस्तक मिटून, घड्याळ लावून पुन्हा सोडवा. मग दोन्ही शेजारी ठेवा आणि जिथे जिथे गुण गेले तिथे समासात कारण लिहा. काही ठिकाणी असे दिसेल की तो भाग तुम्हाला मुळात समजलेलाच नव्हता. काही ठिकाणी रीत माहीत होती, पण हा प्रश्न त्या रीतीचा आहे हे ओळखता आले नाही. कुठे चिन्ह चुकले असेल, कुठे वेळच उरला नसेल. ही कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगवेगळे आहेत. ज्याची बेरीज-वजाबाकी चुकते त्याने आणखी व्याख्याने ऐकून काही होत नाही, आणि ज्याला प्रश्न ओळखता येत नाही त्याने आकडेमोडीचा वेग वाढवून उपयोग नाही. दुसऱ्या वेळी जीव तोडून केलेला अभ्यास तुमच्या उपयोगी पडला नाही, याचे कारण मला वाटते ते हेच की तो कोणत्या उणिवेवर करायचा हे ठरलेले नव्हते.

एम-वनमधलेच एक उदाहरण देतो, कारण कॅप सेंटरवर ही चूक मी इतक्या उत्तरपत्रिकांत पाहिली आहे की ती तुमच्याही उत्तरपत्रिकेत असण्याची शक्यता बरीच आहे. आंशिक विकलनात ऑयलरचे प्रमेय येते. ते फक्त समघाती फलाला लागू पडते, म्हणजे एक्स आणि वाय दोन्ही काही पट केले की जे त्या पटीच्या ठराविक घाताने बदलते अशा फलाला. त्या फलाचे एक्स-सापेक्ष आंशिक विकलज गुणिले एक्स, अधिक वाय-सापेक्ष विकलज गुणिले वाय, ही बेरीज प्रमेयावरून थेट मिळते. समजा 'यू' हे फल असे दिले आहे : अंशात एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग, छेदात एक्स अधिक वाय, आणि या सबंध अपूर्णांकाचे साइन इन्व्हर्स. 'यू'साठी ही बेरीज किती, असे विचारले आहे. विद्यार्थी अपूर्णांकाकडे पाहतो, घातांक दोन वजा एक म्हणजे एक असे म्हणतो, आणि प्रमेय थेट 'यू'ला लावून उत्तर 'यू' असे लिहितो. परंतु 'यू' हे समघाती फलच नाही. समघाती आहे ते साइन यू, त्याचा घात एक आहे, आणि त्यामुळे योग्य उत्तर टॅन यू येते. या विद्यार्थ्याला प्रमेयाचे सूत्र तोंडपाठ असते. त्याने गमावलेले गुण पाठांतराच्या कमतरतेमुळे गेलेले नसतात. प्रमेय लावण्यापूर्वी त्याची अट पूर्ण होते का हे तपासण्याची सवय त्याला नसते. वही दहा वेळा लिहून काढली तरी ही सवय लागणार नाही, कारण वहीत ती तपासणी शिक्षकांनी आधीच करून ठेवलेली असते.

सीईटीचे गुण आणि एम-वनचा निकाल यांतील अंतर पाहून तुम्ही गोंधळला आहात. त्याचे कारण बऱ्याच अंशी परीक्षेच्या स्वरूपात आहे. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चारही पर्याय समोर असतात. पर्याय उलट घालून पाहणे, अशक्य पर्याय गाळणे, सोपी किंमत घालून तपासणे, ही कौशल्ये तिथे रास्त आहेत आणि तुम्ही ती चांगली कमावली असणार. विद्यापीठाच्या वर्णनात्मक प्रश्नात मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंतची वाट स्वतः काढावी लागते आणि गुण त्या वाटेचे असतात. हे वेगळे काम आहे, ते अकरावी-बारावीत तुमच्याकडून पुरेसे करून घेतले गेले नाही, आणि यात तुमच्या बुद्धीचा काही दोष नाही.

सह्यवारा

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी फक्त एवढेच म्हणेन की खचून जाऊ नका. श्रीनिवास रामानुजन हेसुद्धा महाविद्यालयात नापास झाले होते आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली होती, तरी जगाने त्यांना मानले. परीक्षेतील अपयशाने माणसाची योग्यता ठरत नाही.

अन्वय

सह्यवारा यांचा हेतू चांगला आहे हे मला दिसते, परंतु या उदाहरणाबद्दल मला वेगळे म्हणायचे आहे. रामानुजन १९०४ मध्ये कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर दाखल झाले, इंग्रजीत नापास झाल्यामुळे ती शिष्यवृत्ती गेली, आणि पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातून दिलेल्या एफ. ए. या पदवीपूर्व परीक्षेतही ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. त्यानंतरची वर्षे त्यांनी अत्यंत हलाखीत काढली. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाची नोकरी लागली तेव्हा कुठे थोडी स्थिरता आली, आणि जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना आपले काम कळवणारे ते प्रसिद्ध पत्र लिहिले. या अपयशाने त्यांना काही शिकवले असे दिसत नाही. त्याने त्यांची उमेदीची वर्षे घेतली. त्यांना तारले ते त्यांच्या वह्यांतील कामाने, आणि त्या वह्या घेऊन जाणत्या लोकांची दारे ठोठावण्याच्या त्यांच्या चिकाटीने. अशा असामान्य माणसाच्या नापास होण्यातून आधार घेण्यापेक्षा, आपले काम जाणत्या माणसासमोर नेऊन ठेवण्याची त्यांची कृती पूर्णाकाठ यांना अधिक उपयोगी पडेल. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि स्वतः पुन्हा सोडवलेले प्रश्न घेऊन आपल्या शिक्षकांकडे जाणे ही तशीच कृती आहे. 'सर, मला एम-वन समजत नाही' या वाक्यावर शिक्षक काही करू शकत नाहीत. 'या ओळीनंतर मी का अडकलो?' या प्रश्नावर बरेच काही करू शकतात.

आता 'पाहताना कळत होते, परीक्षेत सुचले नाही' या तक्रारीविषयी. माझे काम शिक्षणशास्त्रातील असल्यामुळे या विषयावरील दोन प्रयोग येथे सांगावेसे वाटतात.

रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग असा होता : एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर न ठेवता, जे आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. मला यातील सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की आपल्याला अधिक लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच जास्त होता. पुन्हा वाचल्यावर मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान असे मनाला वाटते. वही लिहून काढताना आणि व्याख्यान पाहताना तुमच्या बाबतीत हेच झाले असावे. तुमचे श्रम खरे होते, पण त्या श्रमांत स्वतःहून आठवण्याचा आणि स्वतःहून ठरवण्याचा भाग जवळजवळ नव्हता.

दुसरा प्रयोग थेट गणिताचा आहे. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाला एका प्रकारची सर्व उदाहरणे संपल्यावर दुसऱ्या प्रकारची दिली, दुसऱ्या गटाला चारही प्रकार मिसळून दिले. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि दुसऱ्याची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिल्या गटाची २० टक्के बरोबर आली आणि दुसऱ्याची ६३ टक्के. आपली पाठ्यपुस्तके घटकवार असतात, त्यामुळे 'लॅग्रांजची रीत' या शीर्षकाखालच्या उदाहरणात कोणती रीत वापरायची हे शीर्षकानेच सांगितलेले असते. प्रश्नपत्रिकेत ते शीर्षक नसते. मिश्र सरावात चुका जास्त होतात, मन निराश होते, आणि म्हणून विद्यार्थी तो सोडून देतात. फळा यांनी सांगितलेली 'प्रश्न ओळखता न येण्याची' उणीव भरून काढायची असेल तर मला तरी याहून चांगला उपाय माहीत नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांतील प्रश्न कापून एकत्र मिसळा, एक उचला, आणि आधी तो न सोडवता केवळ कोणती रीत व का एवढेच दोन ओळींत लिहा.

भाषेचा मुद्दा तुम्ही ओझरता मांडला आहे, पण तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. २०२१ पासून काही महाविद्यालयांत प्रादेशिक भाषांमधून अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले आणि त्यासाठी एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, पहिल्या वर्षाची पुस्तके मराठीतही तयार करून घेतली. ती ई-कुंभ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. परीक्षा इंग्रजीतच द्यायची असली तरी संकल्पना प्रथम मराठीतून वाचण्यात कोणताही कमीपणा नाही.

मधुमालती

माझी मुले तुझ्याहून थोडी मोठी आहेत, म्हणून 'तू' म्हणते. अभ्यासाविषयी वरच्या जाणकारांनी लिहिले आहे, मी घरी सांगण्याविषयी लिहिते.

आज किंवा उद्या सांग. रिझल्टचे दुसऱ्या कुणाकडून कळले, किंवा पुढच्या फीच्या वेळी कळले, तर त्यांना नापास होण्याहून लपवल्याचे दुःख मोठे होईल. फोनवर सांगण्यापेक्षा शक्य असेल तर गावी जाऊन सांग, आणि आधी आईला मग वडिलांना असे न करता दोघांना एकत्र सांग, म्हणजे आईला मध्ये उभे राहावे लागणार नाही. 'नापास झालो' एवढ्यावर थांबू नकोस. कोणते विषय राहिले, पुन्हा परीक्षा केव्हा आहे, तिचा फॉर्म आणि फी किती, उत्तरपत्रिका मागवली आहे, एवढे सगळे एका कागदावर लिहून ने. तुझे वडील शेतकरी आहेत. हंगाम हातचा गेला की तो कशाने गेला, पावसाने की बियाण्याने की किडीने, हे पाहिल्याशिवाय ते पुढची पेरणी करत नसतील. तू नेमके कारण शोधतो आहेस हे त्यांना दुसऱ्या कुणाहूनही लवकर समजेल. ते रागावतील, कदाचित एक-दोन दिवस बोलणार नाहीत. त्यांना तो वेळ दे, आणि लगेच परतीची गाडी पकडू नकोस.

आणखी एक, जे मला लिहिलेच पाहिजे. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा आपण नसतो तर बरे झाले असते असा विचार एकदाही मनात आला असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही आणि त्यासाठी निकाल सुधारण्याची वाट पाहायची नसते. टेलि-मानस ही सरकारची विनामूल्य सेवा आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे, दिवसरात्र कधीही फोन करता येतो आणि मराठीतून बोलता येते. खोलीतल्या एका मित्राला तरी तुझी खरी अवस्था सांगून ठेव.

वर्कशॉप

वर्षभर थांबायचे की नाही, यावर माझे मत स्पष्ट आहे : नियमाने दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत असेल तर घ्या. मी एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचे व शिष्यवृत्तीचे काम पाहतो आणि इयर डाऊन झालेली, म्हणजे विषय राहिल्यामुळे वर्ष गेलेली, मुले दरवर्षी पाहतो. वर्ष मोकळे मिळाले की अभ्यास आपोआप होईल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात वर्ग नाही, बरोबरची मुले पुढे गेलेली, वसतिगृहात जागा मिळेल याची खात्री नाही, आणि घरी राहिले तर गावातील प्रत्येक जण विचारतो. पहिले काही महिने तसेच जातात. थांबण्याचा निर्णय केवळ नियमाने भाग पडले तर, किंवा प्रकृतीचे कारण असेल तर घ्यावा.

मात्र पुढे जाताना तीन गोष्टी लेखी स्वरूपात विचारून घ्या. पहिली, तुमच्या विद्यापीठाच्या सध्याच्या पॅटर्ननुसार किती क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरवून दिलेले श्रेयांक) राहिले तरी दुसऱ्या वर्षाला जाता येते. हे आकडे पॅटर्न बदलला की बदलतात, त्यामुळे सीनियर मुलांच्या सांगण्यावर विसंबू नका. दुसरी, तिसऱ्या वर्षाला जाण्यापूर्वी पहिल्या वर्षाचे सर्व विषय निघालेले असावेत असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. म्हणजे एम-वन आणि एम-टू यांसाठी तुमच्या हातात किती परीक्षा उरल्या आहेत ते मोजून ठेवा. तिसरी, महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून शिष्यवृत्ती किंवा शुल्क सवलत घेत असाल, तर विषय राहिल्याचा किंवा वर्ष गेल्याचा नूतनीकरणावर काय परिणाम होतो ते आपल्या योजनेच्या अटींत पाहा. प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या असतात आणि अर्जाची तारीख चुकली तर ऐनवेळी पैशांची सोय करणे कठीण होते.

नोकरीची भीतीही मनात असेल. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या अर्जाच्या वेळी चालू बॅकलॉग, म्हणजे न निघालेला विषय, नसावा अशी अट घालतात. पूर्वी राहिलेला आणि नंतर निघालेला विषय बऱ्याच ठिकाणी चालतो. पहिल्या वर्षाची केटी म्हणजे नोकरीचे दार बंद, हे खरे नाही. ती चौथ्या वर्षापर्यंत ओढत नेणे खरोखर महागात पडते.

फळा

वर्कशॉप यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. दुसऱ्या वर्षाचे गणित पहिल्या वर्षाच्या गणितावर उभे असते. सदिश विकलनाला आंशिक विकलन लागते, आणि उच्च कोटीच्या अवकल समीकरणांना एम-टूमधील पहिल्या कोटीची समीकरणे आणि संकलन. म्हणून पुढे जायचे असेल तर केटीचे विषय 'परीक्षेच्या आधी महिनाभर' या हिशोबाने ठेवू नका. दुसऱ्या वर्षाचे गणित सुरू होण्यापूर्वी ते हातात आलेले असावेत.

पूर्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मधुमालती काकू, मी गावी जाऊन आलो. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी कागद मागून घेतला आणि परीक्षेची तारीख स्वतःच्या डायरीत लिहून ठेवली. झोपेचे मी मित्राला सांगितले आहे आणि आता बरे आहे.

एम-वन आणि मेकॅनिक्स यांच्या छायाप्रती आल्या आहेत, एम-टूची यायची आहे. फळा सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवली आणि मग तुलना केली. एम-वनमध्ये कोरा सोडलेला भाग मला वाटत होता त्यापेक्षा फारच कमी निघाला. बहुतेक गुण अशा प्रश्नांत गेले आहेत जिथे सुरुवात बरोबर आहे आणि मध्येच मी ते सोडून पर्यायी प्रश्नाकडे वळलो आहे, आणि तोही अर्धाच राहिला आहे. आयगेन व्हॅल्यूच्या (मॅट्रिक्सशी निगडित विशिष्ट संख्या काढण्याच्या) प्रश्नात डिटर्मिनंट म्हणजे निश्चयक उलगडताना चिन्ह चुकले आणि पुढचे सगळे चुकत गेले. ऑयलरच्या प्रमेयाची चूक सरांनी वर्णन केली तशीच्या तशी सापडली. मेकॅनिक्समध्ये मात्र वेगळेच दिसते आहे : समतोलाच्या प्रश्नांत मी फ्री बॉडी डायग्राम (वस्तू एकटी काढून तिच्यावरील सर्व बले दाखवणारी आकृती) जवळजवळ कुठेच काढलेला नाही आणि थेट समीकरणे लिहिली आहेत, त्यांत आधाराकडील एखादी प्रतिक्रिया सुटली आहे.

आता एवढेच विचारायचे आहे की तीन विषयांना वेळ कसा वाटावा, आणि मध्येच प्रश्न सोडण्याच्या सवयीवर काय करावे?

फळा

तुम्ही जे लिहिले आहे ते वाचून फार समाधान वाटले. 'एम-वन निघत नाही' या एका मोठ्या ओझ्याऐवजी आता तुमच्यासमोर चार-पाच लहान, नावे असलेली कामे आहेत.

मेकॅनिक्सपासून सुरुवात करा, कारण तिथली उणीव एकच आहे आणि ती लवकर भरते. काही दिवस समीकरणे लिहूच नका. जुन्या प्रश्नपत्रिकांतील समतोलाच्या प्रत्येक प्रश्नासाठी फक्त फ्री बॉडी डायग्राम काढा, प्रत्येक आधार काढून टाकून त्याच्या जागी कोणत्या प्रतिक्रिया येतात ते दाखवा, आणि ते आपल्या शिक्षकांकडून तपासून घ्या. बिजागरीच्या आधाराला दोन घटक, रोलरला एक, पक्क्या आधाराला दोन घटक आणि एक आघूर्ण (मोमेंट), हे हाताला वळण लागेपर्यंत करा.

मध्येच सोडण्याच्या सवयीविषयी : पर्यायी प्रश्नांची निवड सुरुवातीलाच, दोन्ही नीट वाचून करा आणि निवडलेल्यावर खूण करा. अडलात तर त्या प्रश्नाखाली जागा सोडून पुढच्या घटकाकडे जा, त्याच घटकाच्या दुसऱ्या पर्यायाकडे जाऊ नका. एकाच घटकाचे दोन अर्धे प्रश्न लिहिले तर त्यांतील एकच धरला जातो आणि दुसऱ्यावर घालवलेला वेळ फुकट जातो. घरी सराव करतानाही हाच नियम पाळा, नाहीतर परीक्षेत तो आठवणार नाही.

आयगेन व्हॅल्यूंसाठी एक तपासणी कायमची लावून घ्या. मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावरील संख्यांची बेरीज ही सर्व आयगेन व्हॅल्यूंच्या बेरजेएवढी असते आणि त्यांचा गुणाकार डिटर्मिनंटएवढा असतो. हे पाहायला अर्धे मिनिट लागते, आणि चिन्ह चुकले असेल तर बहुतेक वेळा इथेच कळते, आयगेन व्हेक्टर काढायला बसण्यापूर्वी.

वेळेची वाटणी तासांनी करण्यापेक्षा अशी करा : रोज एम-वनचे मिश्र प्रश्न, अन्वय यांनी सांगितल्याप्रमाणे कापून मिसळलेले, आणि त्यानंतर मेकॅनिक्स. मेकॅनिक्सच्या आकृत्या बरोबर येऊ लागल्या की ती वेळ एम-टूला द्या. एम-टूची छायाप्रत आल्याशिवाय त्याचा आराखडा ठरवू नका, पण तोवर पहिल्या कोटीच्या अवकल समीकरणांचे प्रकार ओळखण्याचा सराव सुरू करायला हरकत नाही : समीकरण एक्झॅक्ट आहे का, रेषीय आहे का, बर्नुलीच्या रूपात आणता येते का, एवढेच लिहायचे, सोडवायचे नाही. प्रत आली की संकलनाच्या भागात रिडक्शन फॉर्म्युल्याचे आणि बीटा-गॅमा फलांचे प्रश्न कुठे अडले ते याच धाग्यात लिहा, मी पाहीन.